सर्व्हरचे कपाट : दुरुस्तीनंतरची जोडणी आणि पहिली वीज

खरीप हंगाम तोंडावर आला, की तालुक्याच्या गावी सेतू केंद्रांसमोर रांगा लागू लागतात. कुणाला पीककर्जासाठी सात-बाराचा उतारा हवा असतो, कुणाला मुलाच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला, तर कुणाला फेरफाराची नक्कल. अशा वेळी खिडकीपलीकडून “सर्व्हर बंद आहे” एवढे तीन शब्द कानी पडले, की सारी रांग हताश होते. शेतातले काम टाकून आणि एस.टी.चे भाडे खर्चून आलेल्या माणसाचा त्या दिवसाचा रोजगार बुडालेला असतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये अमलात आला, तेव्हापासून अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा राज्यातील नागरिकाचा हक्क झाला आहे. त्यांपैकी कितीतरी सेवा आज संगणकाच्याच मार्गाने लोकांपर्यंत पोचतात. साहजिकच संगणक अखंड चालू राहणे ही केवळ तंत्रज्ञांच्या आस्थेची बाब राहिलेली नाही.

ज्याला सर्व्हर म्हणतात तो दूरच्या एखाद्या वातानुकूलित कक्षातील पोलादी कपाटात बसवलेला संगणक असतो. एकाच वेळी अनेक ठिकाणांहून आलेल्या मागण्या पुऱ्या करण्याचे काम तो रात्रंदिवस करीत असतो. कोणत्याही यंत्राप्रमाणे त्यालाही देखभाल लागते. पंखे झिजतात, धूळ साचते, विद्युत पुरवठ्याचे भाग निकामी होतात, साठवणीच्या डिस्क बदलाव्या लागतात. त्यासाठी कपाट बंद करून, उघडून, दुरुस्त करून पुन्हा जोडावे लागते. या सर्व कामात खरी जोखीम कोठे असते, असा प्रश्न केल्यास बहुतेकांचे बोट दुरुस्तीकडे जाईल. वस्तुतः दुरुस्ती संपल्यावर कपाट पुन्हा जोडून त्यात पहिल्यांदा वीज सोडली जाते, तो अर्धा-पाऊण तास सर्वांत नाजूक असतो. उघडताना माणूस सावध असतो. मिटवताना त्याला घाई झालेली असते.

खोलीएवढ्या यंत्रापासून कपाटापर्यंत

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफरॅक हा संपूर्णपणे भारतात घडविलेला संगणक कार्यान्वित झाला. हजारो निर्वात नलिकांवर चालणाऱ्या त्या यंत्रासाठी एक स्वतंत्र दालन लागे. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. आज कोणत्याही मोठ्या कार्यालयातील सर्व्हर एका ठरावीक मापाच्या कपाटात एकावर एक रचलेले आढळतात.

या कपाटाचे माप जगभर सारखे असते. आत बसणाऱ्या यंत्राच्या दर्शनी पट्टीची रुंदी १९ इंच. उंची ‘युनिट’ या एककात मोजतात व एक युनिट म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. नेहमीच्या वापरातील कपाट ४२ युनिटांचे असते. म्हणजे आतील रचनेची उंची सुमारे १८७ सेंटिमीटर भरते. त्यात सर्व्हर, माहिती साठविणाऱ्या डिस्कच्या पेट्या, नेटवर्क स्विच आणि मागील बाजूस उभ्या लावलेल्या वीजपट्ट्या असतात. या पट्ट्यांना तंत्रज्ञ पीडीयू म्हणतात. सर्व यंत्रांचे साहाय्य एकमेकांना लागत असल्यामुळे त्यांतील एकाची जोडणी चुकली तरी त्याचा परिणाम साऱ्या कपाटावर होऊ शकतो.

परतलेल्या विजेने केलेली हानी

वीज परत देण्यातील चूक किती महाग पडू शकते, याचे एक बोलके उदाहरण इंग्लंडमधील आहे. २७ मे २०१७ रोजी ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीच्या हीथ्रो विमानतळाजवळील संगणक केंद्राचा वीजपुरवठा खंडित झाला. पुरवठा तुटणे हे संकट होतेच. परंतु त्यानंतर तो अनियंत्रित रीतीने परत आला आणि त्यामुळे यंत्रांची प्रत्यक्ष हानी झाली, असे कंपनीच्या प्रमुखांनी पुढे जाहीरपणे सांगितले. त्या दिवशी आणि पुढील दोन दिवसांत सुमारे पाऊण लाख प्रवाशांचा प्रवास विस्कटला.

या घटनेचा बोध सरळ आहे. वीज गेलेले यंत्र थांबते, त्याचे काम खोळंबते, पण बहुधा ते शाबूत असते. क्रम, दाब आणि जोडणी न तपासता एकदम परत दिलेली वीज मात्र चांगल्या स्थितीतील यंत्रही निकामी करू शकते. म्हणून दुरुस्तीनंतरच्या जोडणीला स्वतंत्र काम मानून त्यासाठी वेळ राखून ठेवणे आवश्यक असते.

उघडतानाच जोडणीची तयारी

नीट जोडणीचा आरंभ कपाट उघडण्यापूर्वीच होतो. पहिली गोष्ट म्हणजे माहितीची दुसरी प्रत. ती नुसती घेतलेली असून भागत नाही. तिच्यातून माहिती परत मिळते, हे तपासून पाहिलेले असावे लागते. त्यानंतर कपाटाची पुढील व मागील बाजूंची छायाचित्रे घेतली जातात. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक असलेली चिठ्ठी लावली जाते. एकाच टोकाला चिठ्ठी लावण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. पण तारांच्या जुडग्यात दुसरे टोक हरवले, की त्या चिठ्ठीचा काही उपयोग राहत नाही.

साठवणीच्या डिस्क काढावयाच्या असतील, तर प्रत्येकीवर तिच्या खणाचा क्रमांक लिहिणे अगत्याचे असते. अनेक डिस्क मिळून एकच संच बनलेला असतो आणि माहितीचे तुकडे त्या सर्वांवर विभागून ठेवलेले असतात. डिस्क चुकीच्या खणात गेल्यास काही यंत्रणा ती ओळखून घेतात, काही घेत नाहीत. आणि नवी समजून तिची आखणी पुन्हा केली गेली, तर त्यावरील माहिती गमावण्याचा प्रसंग येतो.

काम चालू असताना मुख्य पुरवठ्याचा स्विच बंद करून त्यास कुलूप लावणे आणि ‘काम चालू आहे, स्विच लावू नये’ असा फलक अडकवणे हाही तयारीचाच भाग होय. कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असावी. केवळ फलकावर विसंबून राहिल्यास, काळोख दिसला म्हणून कुणी भाबडेपणाने स्विच लावण्याचा धोका उरतोच.

न जाणवणारा झटका

सर्व्हर उघडून त्यातील भाग परत बसवताना सर्वांत मोठा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. माणसाच्या शरीरावर चालण्या-बसण्याने, कपड्यांच्या घर्षणाने स्थिर विद्युतभार साठतो. हा भार सुमारे तीन हजार व्होल्टपर्यंत पोचला तरच बोटाला झटका जाणवतो. संगणकातील काही सूक्ष्म भाग मात्र शंभर व्होल्टहूनही कमी दाबाने बिघडू शकतात. म्हणजे माणसाला काहीच कळलेले नसते आणि भाग दुखावलेला असतो. असा भाग कधी त्याच क्षणी निकामी होतो, तर कधी काही आठवडे चालून मग दगा देतो; तेव्हा दोष शोधणे अतिशय कठीण होते.

हवा जितकी कोरडी, तितका हा धोका अधिक. विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या दिवसांत याबाबत विशेष दक्षता घ्यावी लागते. त्यासाठी तंत्रज्ञ मनगटावर एक पट्टा बांधतात व त्याची तार कपाटाच्या अर्थिंग असलेल्या भागाला जोडतात. या पट्ट्यात दहा लाख ओहमचा, म्हणजे एक मेगाओहमचा रोधक असतो. भार हळूहळू जमिनीत उतरावा, पण चुकून वीजवाहक तारेला हात लागलाच तर शरीरातून घातक प्रवाह वाहू नये, असा त्यामागील हेतू आहे.

कोकणपट्टीतील अडचण याच्या उलट असते. थंड कक्षातून काढलेले यंत्र बाहेरच्या दमट हवेत दुरुस्तीच्या टेबलावर आणले, की थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसे त्याच्या पत्र्यावर दव धरते. ओलसर यंत्राला वीज दिल्यास नको तेथून प्रवाह वाहण्याचा संभव असतो. अशा वेळी यंत्र काही तास खोलीच्या तापमानाला येऊ देणे आणि ते पूर्ण कोरडे झाल्याची खात्री करणे हाच उपाय असतो.

आतील भाग बसवताना स्मृतीपट्ट्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या मिटेपर्यंत दाबाव्या लागतात. प्रोसेसरवरील उष्णता वाहून नेणारा धातूचा ठोकळा काढला असल्यास जुना लेप पुसून नवा लावावा लागतो; अन्यथा उष्णता नीट वाहून जात नाही. शेवटी स्क्रू मोजले जातात. काढलेले चोवीस आणि बसवलेले तेवीस असतील, तर चोविसावा सापडेपर्यंत झाकण लावले जात नाही. वीज सोडल्यावर तोच स्क्रू मुद्रित मंडळावर आडवा पडून दोन मार्ग जोडू शकतो. पान्हे, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर यांची मोजदादही याच वेळी उरकली जाते.

वजन आणि वारा

दोन युनिट उंचीचा एक सर्व्हर वीस ते पस्तीस किलोग्रॅमपर्यंत भरतो. यंत्रांनी भरलेल्या कपाटाचे वजन शेकडो किलोग्रॅम होते. म्हणून जड यंत्रे खाली व हलकी वर, हा रचनेचा पहिला नियम. कपाट भरताना खालून वर भरत जावे आणि रिकामे करताना वरून खाली यावे. कपाटाचे पाय जमिनीला समपातळीत टेकलेले असावेत, आणि पुढे कलंडू नये यासाठी असलेले आधार बाहेर काढलेले असावेत. सर्व्हर सरकत्या पट्ट्यांवर बसतात. एका वेळी एकच सर्व्हर बाहेर ओढावा. दोन-तीन जड यंत्रे एकदम पुढे ओढल्याने कपाटाचा तोल जाऊन माणूस त्याखाली सापडू शकतो. सर्व्हर उचलताना दोन माणसे लागतात, आणि कपाटाच्या वरच्या भागात तो बसवावयाचा असेल तर उचलण्याचे साधन वापरणे श्रेयस्कर असते.

वाऱ्याचा मार्गही असाच महत्त्वाचा आहे. बहुतेक सर्व्हर पुढून थंड हवा ओढतात आणि मागून गरम हवा बाहेर टाकतात. कपाटातील रिकाम्या जागा कोऱ्या पट्ट्या लावून बंद केल्या नाहीत, तर मागची गरम हवा त्या फटींतून पुढे येते आणि तीच पुन्हा आत ओढली जाते. दुरुस्तीच्या वेळी काढून कोपऱ्यात ठेवलेल्या या पट्ट्या परत लावण्याचे विसरले जाते, कारण त्या नसल्या तरी सर्व्हर चालू होतो. दोन दिवसांनी वरच्या भागातील यंत्रे तापू लागली, की कारण मात्र भलतीकडे शोधले जाते. यंत्रांत शिरणाऱ्या हवेचे तापमान साधारणतः १८ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे, ही जगभर मान्य झालेली शिफारस आहे.

अर्थिंग आधी, वीज नंतर

यंत्रे जागेवर बसली, की पहिली जोडावयाची तार अर्थिंगची असते. यंत्राच्या आत एखादी वीजवाहक तार पत्र्याला टेकली, तर तो प्रवाह अर्थिंगच्या मार्गाने जमिनीत जावा आणि एमसीबी खाली पडावा, अशी योजना असते. हा मार्ग तुटलेला असल्यास कपाटाचा पत्राच विजेने भारला जातो व त्याला हात लावणाऱ्याच्या शरीरातून प्रवाह जमिनीकडे जातो.

कपाटाच्या दारांना आणि बाजूच्या पत्र्यांना अर्थिंगच्या हिरव्या किंवा हिरव्या-पिवळ्या तारा वेगळ्या जोडलेल्या असतात. दार काढताना त्या सोडाव्या लागतात आणि दार लावताना नेमक्या त्याच विसरल्या जातात. बिजागऱ्यांमधून जोडणी मिळतेच असे नाही, कारण त्यांवर रंगाचा थर असतो. म्हणून दार लावल्यावर मल्टिमीटरने दारापासून कपाटाच्या अर्थिंगपट्टीपर्यंत सलगता तपासावी. अर्थिंगच्या पद्धतीविषयी भारतीय मानक ३०४३ ही संहिता उपलब्ध आहे, आणि मुख्य पुरवठ्याचे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घेणे बंधनकारक समजले पाहिजे.

सैल जोडणीचा धोका एका साध्या हिशेबाने ध्यानात येईल. एखाद्या टोकाशी केवळ ०.१ ओहम रोध शिल्लक राहिला आणि तेथून १६ अँपिअर प्रवाह वाहिला, तर त्या बिंदूवर १६ × १६ × ०.१, म्हणजे २५.६ वॅट उष्णता निर्माण होते. सोल्डरिंगच्या लहान लोखंडातून निघणारी ही उष्णता एका स्क्रूच्या माथ्याएवढ्या जागी तासन्‌तास साचत राहिली, तर तारेचे वेष्टन वितळते आणि पुढे आग लागण्याचा संभव निर्माण होतो. प्रत्येक टोक उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात आवळलेले आहे की नाही, हे यासाठीच पाहावे लागते.

काचतंतूंच्या केबलींची तऱ्हा वेगळी. लांब पल्ल्याच्या तंतूचा प्रकाशवाहक गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक असतो. धुळीचा एक कणही त्याची वाट अडवू शकतो. टोके साफ केल्याशिवाय जोडू नयेत, केबलला तीव्र वळण देऊ नये आणि टोकात डोळा लावून कधीही पाहू नये. त्यातून वाहणारा प्रकाश अवरक्त असल्यामुळे दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

दोन वाटा, एक हिशेब

महत्त्वाच्या सर्व्हरला विजेचे दोन पुरवठाघटक असतात. एक घटक ‘अ’ पट्टीवर व दुसरा ‘ब’ पट्टीवर जोडलेला असतो आणि या दोन पट्ट्या वेगवेगळ्या यूपीएसवर चालतात. एक वाट बंद पडली तरी दुसरीवर काम चालू राहावे, हा त्यामागील उद्देश. घाईत दोन्ही तारा एकाच पट्टीवर लागल्या, तर यंत्र चालू होते, दोन्ही दिवे हिरवे लागतात आणि चूक झाकली जाते. ती उघड होते ती पट्टी बंद पडल्यावरच.

दुसरी चूक हिशेबाची. समजा, प्रत्येक पट्टीची क्षमता ३२ अँपिअर आहे आणि दोन्हींवर २० अँपिअरचा भार आहे. वरवर पाहता दोन्हींत भरपूर जागा शिल्लक दिसते. पण ‘अ’ बंद पडली, की सारा ४० अँपिअरचा भार एकट्या ‘ब’वर येतो, तिचाही एमसीबी पडतो आणि दोन वाटा असूनही कपाट अंधारात जाते. म्हणून प्रत्येक पट्टीवरील भार तिच्या क्षमतेच्या निम्म्याहून बराच कमी, म्हणजे या उदाहरणात साधारण १२ ते १३ अँपिअरपर्यंत ठेवणे शहाणपणाचे असते. दुरुस्तीच्या निमित्ताने एखादे नवे यंत्र वाढले असेल, तर हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

वीज सोडण्यापूर्वी

आता सर्व यंत्रांच्या तारा पट्ट्यांपासून काढलेल्या ठेवून फक्त पट्ट्यांना वीज दिली जाते आणि दाब मोजला जातो. हे काम वीजरोधक रबरी चटईवर उभे राहून जाणत्या माणसानेच करावयाचे असते. फेज व न्यूट्रल यांमधील दाब २३० व्होल्टच्या आसपास असावा. न्यूट्रल आणि अर्थिंग यांमधील दाब अगदी अल्प, दोन-तीन व्होल्टच्या आत असावा.

या मोजणीला विशेष कारण आहे. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रलची जोडणी सैल राहिली किंवा सुटली, तर निरनिराळ्या फेजवरील यंत्रांत दाबाची वाटणी बिघडते. काहींना फार कमी, तर काहींना २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या दिशेने जाणारा दाब मिळतो. सर्व्हरचे पुरवठाघटक सामान्यतः २४० व्होल्टपर्यंतच्या दाबासाठी बनविलेले असतात. अशा स्थितीत एकामागून एक यंत्रे जळू शकतात. पाच मिनिटांच्या मोजणीने हे सर्व टळते.

त्याच वेळी कक्षाचीही पाहणी केली जाते. वातानुकूलन चालू आहे काय, खोके व पॅकिंगचे कागद उचलले आहेत काय, यूपीएसच्या बॅटऱ्या पुरेशा भारलेल्या आहेत काय, हे पाहावे लागते. वायूने आग विझविणारी यंत्रणा कामाच्या वेळी अनावधानाने सुटू नये म्हणून स्वयंचलित स्थितीतून काढलेली असते. ती पूर्ववत स्वयंचलित करण्याची नोंद यादीत स्वतंत्रपणे असली पाहिजे. ती विसरल्यास कक्ष संरक्षणाविना राहतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

क्रमाने चालू करणे

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला होता, तेव्हा तो एकदम सगळीकडे परत आला नाही. टप्प्याटप्प्याने पूर्ववत करण्यात आला. सर्व्हरच्या कपाटालाही हेच तत्त्व लागू पडते. प्रत्येक पुरवठाघटकात विद्युतभार साठविणारे भाग असतात व बंद अवस्थेत ते रिते असतात. वीज येताच, कोरड्या पाटात पाणी सोडल्यावर पहिला लोंढा जमीनच पिऊन टाकते त्याप्रमाणे, ते क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढून घेतात. हा काळ काही सहस्रांश सेकंदांचाच असतो; पण वीस यंत्रांचा लोंढा एकाच क्षणी आला, तर एमसीबी पडण्यास तेवढा पुरतो. म्हणून यंत्रे थोड्या थोड्या अंतराने एकेक जोडली जातात. काही वीजपट्ट्यांत अशा अंतराची सोय मुळातच केलेली असते.

चालू करण्याचा क्रम यंत्रांच्या परस्पर अवलंबनावरून ठरतो. प्रथम नेटवर्क स्विच, कारण बाकीच्यांना एकमेकांशी बोलण्यासाठी तो लागतो. मग डिस्कच्या पेट्या, आणि त्या तयार झाल्यावर त्यांचे नियंत्रक. नियंत्रक आधी चालू झाला, तर त्याला डिस्क दिसत नाहीत आणि त्या हरवल्याचा समज करून घेऊन तो संच सदोष ठरवू शकतो. त्यानंतर वेळ, नावे आणि ओळख पटविण्याचे काम करणारे सर्व्हर, मग माहितीसंचाचे सर्व्हर, आणि सर्वांत शेवटी नागरिकांच्या पडद्यावर उतारा दाखविणारे सर्व्हर. बंद करताना हाच क्रम उलटा असतो.

या टप्प्यावर संयमाची खरी कसोटी लागते. मोठी स्मृती असलेला सर्व्हर चालू झाल्यावर आधी स्वतःची तपासणी करतो आणि त्याला कित्येक मिनिटे लागू शकतात. पंखे प्रथम जोराने फिरतात, पडदा काळाच राहतो. यंत्र अडकले असे समजून कुणी पुन्हा बटण दाबले, तर तपासणी अर्धवट तुटते व नवा घोटाळा सुरू होतो. प्रत्येक यंत्राला किती वेळ लागतो, याची पूर्वीची नोंद हाताशी असल्यास ही घालमेल टळते. मात्र जळका वास, ठिणगी, धूर अथवा अनोळखी आवाज आढळल्यास क्षणाचाही विचार न करता पुरवठा तोडावा. आणि एकदा पडलेला एमसीबी कारण सापडल्याशिवाय पुन्हा वर करू नये.

चालू झाल्यानंतर

सर्व दिवे हिरवे झाले म्हणजे काम संपले, असे नाही. प्रथम घड्याळ पाहावे. सर्व्हरमध्ये नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा सेल असतो. तो बदलल्यावर किंवा संपल्यावर यंत्राची तारीख कित्येक वर्षे मागे जाऊ शकते. अंकीय स्वाक्षरीची वैधता तारखेवर अवलंबून असते. तारीख चुकली, की स्वाक्षरी वैध असूनही यंत्र ती नाकारते आणि उतारा निघत नाही. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते व त्या वेळेशी सर्व्हरचे घड्याळ जुळविलेले असावे.

त्यानंतर दोन वाटांची प्रत्यक्ष परीक्षा. ठरवलेल्या वेळी ‘अ’ पट्टी बंद करून सर्व यंत्रे ‘ब’वर चालू राहतात काय, हे पाहावे, मग ‘अ’ पूर्ववत करून ‘ब’ची परीक्षा घ्यावी. ही परीक्षा नागरिकांसाठी सेवा खुली करण्यापूर्वी घेतली जाते, म्हणजे चूक निघाली तरी तिचा त्रास कुणाला होत नाही. मग माहितीचा संच सुसंगत आहे काय ते तपासून एखादा नमुना उतारा काढून पाहिला जातो. पुढील काही तास तापमान, भार आणि पंख्यांची गती यांवर नजर ठेवावी लागते, कारण सैल जोडणी तापायला आणि अडलेल्या वाऱ्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो. अखेरीस काय बदलले, कोणता भाग नवा आहे, किती भार नोंदला गेला, हे सारे नोंदवहीत लिहून त्यावर सह्या केल्या जातात. पुढच्या दुरुस्तीला येणारा तंत्रज्ञ वेगळा असू शकतो. त्याला या नोंदीचाच आधार असतो.

आदेश कोणी द्यावा

या सर्व कामात महाग उपकरणांपेक्षा शिस्तीला अधिक महत्त्व आहे. एक जण काम करतो आणि दुसरा यादी वाचून प्रत्येक बाबीवर खूण करतो, ही दोन माणसांची पद्धत रात्री उशिरापर्यंत चाललेल्या कामात विशेष उपयोगी पडते. थकलेल्या माणसाला स्वतःची चूक दिसत नाही, शेजारच्याला दिसते. वीज सोडण्याचा आदेश एकाच जबाबदार व्यक्तीने द्यावा, आणि यादीतील शेवटची खूण झाल्याशिवाय देऊ नये.

अडचण येते ती बाहेरून येणाऱ्या दबावाची. सेवा बंद असते, दूरध्वनी वाजत असतो, “किती वेळ लागेल” अशी विचारणा दर दहा मिनिटांनी होत असते. विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. त्याच्या डोळ्यांसमोर ती तालुक्याची रांग असते. परंतु त्या रांगेचे हित तपासणी पुरी होण्यातच आहे. अर्धा तास वाचविण्यासाठी टाळलेली मोजणी पुढे कित्येक दिवसांचा खोळंबा ओढवू शकते. यास्तव सेवा बंद ठेवण्याची मुदत आधी जाहीर करताना दुरुस्तीच्या वेळेबरोबरच जोडणी आणि तपासणी यांचाही वेळ तीत मोकळेपणाने धरावा. असे केल्यास कपाटापुढे उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला घाई करावी लागत नाही, वरिष्ठांना वारंवार विचारणा करावी लागत नाही आणि खिडकीपुढील माणसाला कोणत्या दिवशी यावयाचे, हे आधीच कळते. ठरल्या दिवशी तो येतो, त्याच्या हाती उतारा पडतो आणि एस.टी. पकडून तो दुपारच्या आत शेतावर परततो.